घराचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासावर लेख लिहावा, हे आमच्या वर्गातील मित्रांना मुळीच पटणार नाही. परीक्षा तोंडावर आलेली, कॉस्टिंगचे दोन धडे अजून कोरे, आणि हा गृहस्थ नाना फडणवीसांच्या वाड्यावर लिहीत बसला आहे! पण मित्रांनो, हा लेख मुळात हिशेबाचाच आहे. हिशेब जरा जुना आहे, इतकेच.

गेल्या मे महिन्यात मी भोपाळला थोरल्या मामांकडे गेलो होतो. मामा मध्य प्रदेशच्या जलसंपदा विभागात इंजिनिअर. सारी नोकरी त्या राज्यात गेली आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. माझे जाण्याचे निमित्त दुहेरी होते. एक म्हणजे सामान बांधायला मामींना हाताशी माणूस हवा होता. दुसरे म्हणजे धाकट्या मामांनी दिलेली कागदांची एक पिशवी मला थोरल्या मामांपर्यंत पोचवायची होती. पिशवीत आमच्या आजोळच्या घराचे कागद होते. आजोळ वाईच्या अलीकडे, एका लहानशा गावात. आजोबा गेले, मागोमाग आजीही गेली, आणि पाच खणांचे ते कौलारू घर, मागच्या परसासकट, दोन वर्षे कुलुपात होते. आता गिऱ्हाईक आले होते.

मामांचा सरकारी बंगला चार इमली भागात होता. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यानंतर जे नवे शहर वाढले, त्यातलाच हा भाग. मंत्र्यांचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंगले, चढउताराचे सावलीचे रस्ते, आणि प्रत्येक फाटकावर नावाची पाटी. चार इमली म्हणजे चार चिंचा. आमच्या बेळगावात घरात चिंच, शेजारी हुणसे, आणि इथे इमली. पण तिन्ही शब्दांनी तोंडाला पाणी मात्र सारखेच सुटते. मामा म्हणाले, "या भागात पाट्या रंगवणाऱ्याचा धंदा कधी बसत नाही बघ. बंगला तोच, माणूस बदलतो."

मी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बांधकाम खात्याचा एक कारकून यादी घेऊन आला. घर ताब्यात देण्यापूर्वी काय आहे, काय नाही, याची नोंद करायची होती. पंखे, नळ, दिवे, पाण्याची टाकी, पडद्यांच्या दांड्या. यादीत अकरा पंखे होते. मोजले तर बारा भरले. बारावा मामांनी स्वतःच्या पैशाने बसवला होता. कारकुनाने विचारले, काढून नेणार का? मामा म्हणाले, "राहू दे. पुढच्यालाही उन्हाळा असणारच." परसात एक आंबा होता. तो मामांनी आल्याआल्या लावला होता, आता छपराच्या वर गेला होता. तो मात्र यादीत कुठेच नव्हता. त्याच्याखाली उभा राहून कारकुनाने सह्या घेतल्या, दोन कैऱ्या खिशात घातल्या आणि तो निघून गेला.

सामान आवरताना मामांच्या टेबलाच्या खणात मला कॅमेऱ्याच्या फिल्मची एक जुनी प्लास्टिकची डबी सापडली. आत एकच नाणे होते. अमेरिकेचे, पाच सेंटचे. तिकडे त्याला निकेल म्हणतात. एका बाजूला माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला खांबांचे आणि घुमटाचे एक घर. खाली अक्षरे होती, 'माँटिसेलो'. राजाचे किंवा पुढाऱ्याचे तोंड नाण्यावर असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याचे घरही नाण्यावर? मी मामांना विचारले. सामान बांधायचे राहिले बाजूला आणि मामा खोक्यावरच बसले.

धरणांच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी मामांना एकदा सरकारने अमेरिकेला पाठवले होते. तिथे एका रविवारी बरोबरच्या मंडळींसह ते व्हर्जिनिया राज्यातील हे घर पाहून आले. घर थॉमस जेफरसन यांचे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांनी लिहिला आणि पुढे जे तिसरे राष्ट्राध्यक्ष झाले, तेच हे. इटालियन भाषेत माँटिसेलो म्हणजे लहान डोंगर. वडिलांकडून जेफरसनना सुमारे पाच हजार एकर जमीन मिळाली. त्यांनी डोंगराचा माथा सपाट करायला घेतला १७६८ साली आणि पुढची चाळीस वर्षे ते घर बांधत राहिले. बांधायचे, पाडायचे, पुन्हा बांधायचे. वास्तुशिल्पी तेच, मालकही तेच. १९३८ पासून, मधली दोनेक वर्षे सोडली तर, हे घर पाच सेंटच्या नाण्यावर आहे.

"पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे," मामा म्हणाले. "हा माणूस रोजचा हिशेब लिहायचा. पन्नासाहून जास्त वर्षे! आज बाजारात काय घेतले, कुणाला काय दिले, वाटेत घोड्याला काय लागले. सगळे टिपलेले. आणि मेला तेव्हा डोक्यावर कर्ज किती? एक लाख डॉलरच्या वर."

हे मला खरे वाटेना. रात्री मी फोनवर शोधून वाचत बसलो. मामा म्हणाले ते खरेच होते. जेफरसन यांची रोजकीर्द होती, ताळेबंद मात्र नव्हता. आलेला-गेलेला प्रत्येक पैसा ते लिहीत, पण वर्षाअखेरीला बेरीज मांडून देणे किती आणि येणे किती हे पाहण्याची शिस्त त्यांनी पाळली नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सर यासाठी वर्गात उभे करतील. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ते वारले. कर्ज मुलीच्या, मार्थाच्या, घरावर आले. बापाचे घर तिला राखता आले नाही. १८३१ साली ते विकले गेले.

त्याच्या आधी आणखी एक विक्री झाली होती. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या आवारात लिलाव झाला आणि त्यात घरातील सामान, गुरे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर १३० माणसेही विकायला काढली होती. सर्व माणसे समान जन्माला आली आहेत असे जगाला सांगणाऱ्या या गृहस्थांकडे आयुष्यभरात मिळून सहाशेच्या वर गुलाम होते. त्या डोंगराची माती त्यांनीच उचलली, विटा त्यांनीच भाजल्या. त्यांची नावे आज कळतात ती कशामुळे? जेफरसन यांनी शेतीची एक वेगळी वही ठेवली होती. तिच्यात कुणाला किती वार कापड दिले, कुणाला कांबळे दिले, कोण कधी जन्मले, याच्या याद्या आहेत. मालकाने मालमत्तेची नोंद म्हणून नावे लिहिली. आज त्याच नोंदीवरून त्या माणसांचे वंशज आपली मुळे शोधत तिथे येतात. ज्या रांगेत ते गुलाम राहत आणि राबत, ती जागा आता खणून काढून पाहुण्यांना दाखवतात.

मी मामांना म्हटले, "आपल्याकडे असे कुणाचे घर नाही. म्हणजे राजाचे नव्हे, कारभाऱ्याचे."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, तुझ्या आजोळापासून मेणवली किती लांब आहे? लहानपणी घाटावरून नदीत उड्या मारल्या नाहीस का तू?"

मारल्या होत्या. पण तो ज्या कुणाचा वाडा होता, तो माणूस आणि पाठ्यपुस्तकातले नाना फडणवीस यांची सांगड मी कधी घातली नव्हती. पाठ्यपुस्तकात नानांना चार गुण होते.

आता माझ्या स्वतःच्या हिशेबाबद्दल सांगतो. पिशवीत धाकट्या मामांची चिठ्ठी होती, 'भाच्याकडून वाटण्या मांडून घ्या, तो कॉमर्सचा आहे.' मला फार अभिमान वाटला. वहीचे एक पान फाडून मी नीट तक्ता केला. घराची किंमत तीस लाख. मामा तीन. प्रत्येकी दहा लाख. खाली दोन रेघा ओढल्या. कागदांत आई आणि मावशीच्या सह्यांसाठी हक्कसोड पत्राचा मसुदाही होता. तो मी न वाचताच तक्त्याच्या मागे टाचला. मामांनी तक्ता पाहिला, चष्मा पुसला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "बघू," म्हणाले. "मी तुझ्याबरोबरच येतो. साताऱ्याला उतरू. आधी मेणवली, मग घर."

महिनाअखेरीला पाटी उतरली. मामी सामान घेऊन मुलीकडे गेल्या आणि आम्ही दोघे गोवा एक्स्प्रेसने निघालो. गाडी एका रात्रीची नाही, वेळ भरपूर. मी फोनवर नाना वाचत होतो आणि मामा मधूनमधून चुका काढत होते.

वाचता वाचता एक जागा अशी आली की मी मामांना हलवून जागे केले. ज्या १७६८ साली जेफरसन डोंगराचा माथा सपाट करू लागले, त्याच १७६८ सालच्या डिसेंबरात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना दिला. नानांचा जन्म १७४२ चा, जेफरसन यांचा १७४३ चा. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, पण शत्रू एकच होता. तिकडे अमेरिकन वसाहती इंग्रजांशी झुंजत होत्या, त्याच वर्षांत इकडे नानांच्या कारभारात पुण्याचे इंग्रजांशी युद्ध चालले होते. वडगावला इंग्रज फौजेने शरणागती पत्करली ती १७७९ च्या जानेवारीत; सालबाईचा तह १७८२ चा. आणि कॉर्नवॉलिस! १७८१ च्या जूनमध्ये त्याच्या फौजेतले घोडेस्वार चालून आले म्हणून जेफरसनना माँटिसेलो सोडून पळावे लागले. त्याच वर्षी यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिस शरण गेला. पुढे तोच हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्ध त्याने पुणे दरबाराशी १७९० साली तह केला. म्हणजे एकाच माणसाने जेफरसन यांना घरातून पळवले आणि नानांशी दोस्ती केली. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन प्रकरणे इतकी लांब लांब का छापतात, कोण जाणे.

फडणवीस हे नानांचे मूळ आडनाव नव्हे. घराणे भानूंचे, नाव बाळाजी जनार्दन. फर्द म्हणजे हिशेबाचा किंवा नोंदीचा कागद आणि तो लिहिणारा तो फडणवीस. राज्याचा जमाखर्च, नेमणुका, दप्तर, सारे त्याच्या हातून जायचे. पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' आपण ऐकलेले असतात. त्यातले अर्धे शहाणे म्हणजे नाना, कारण ते कलमबहाद्दर होते, तलवारबहाद्दर नव्हते. आम्हा कॉमर्सवाल्यांनी हे अर्धेपण मनाला लावून घेऊ नये. त्या अर्ध्या शहाण्याने पेशव्यांचे राज्य वीसपंचवीस वर्षे कागदावर तोलून धरले होते.

मला मात्र दुसरीच एक गोष्ट लागली. पानिपतावर नाना होते. १४ जानेवारी १७६१, तेव्हा त्यांना एकोणिसावे पुरे व्हायला महिना होता. म्हणजे माझ्याहून लहान. ते कसेबसे जीव वाचवून परतले. बरोबर तीर्थयात्रेसाठी आलेली आई होती. ती परतली नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दहा वर्षांनी राज्याचा हिशेब ज्या मुलाच्या हाती यायचा होता, तो मुलगा त्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी पळत होता.

साताऱ्याला उतरून आम्ही एसटीने वाईला गेलो. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. उन्हे कलली होती. वाडा मी लहानपणी पाहिला होता तो बाहेरून, ओल्या चड्डीत. आत पहिल्यांदाच गेलो.

बाहेरून पाहिले तर वाडा एखाद्या गढीसारखा आहे. जाड भिंती, मोठा दरवाजा, खिडक्या कमी. आत गेल्यावर एकामागून एक चौक उघडत जातात. सहा चौक आहेत. लाकडी खांब, तुळया, माडीवर जाणारे भिंतीच्या पोटातले अरुंद जिने. काही भिंतींवर जुनी रंगीत चित्रे अजून दिसतात. मागचे दार उघडले की एकदम कृष्णा. पायऱ्यांचा घाट अर्धचंद्राकार आहे, काठाला विष्णूचे आणि मेणेश्वराचे देऊळ. हे सगळे नानांनी १७८० च्या सुमारास उभे केले. माँटिसेलोत घुमट आहे, इथे चौक आहेत. तिथे डोंगर, इथे नदी. पण मला एक साम्य ठळक दिसले. दोघांनाही आपल्या घरात राहायला फार थोडे मिळाले. जेफरसन पॅरिसला वकील म्हणून गेले, मग मंत्री, उपाध्यक्ष, अध्यक्ष. नाना पुण्याच्या दरबाराला जखडलेले. १७९६ साली पुण्यात राहणे धोक्याचे झाले तेव्हा ते वाईकडे आले, पण तिथूनही खाली महाडला उतरले. पुढल्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी त्यांना कैद केले. सुटले, पुन्हा कारभार हाती आला, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे तेसुद्धा सरकारी क्वार्टरमध्येच गेले." मी हसलो. मामा हसले नाहीत.

देवळाशेजारी दगडी मंडपात एक भलीमोठी घंटा टांगली आहे. लहानपणी आम्ही ती वाजवायला धडपडत असू. ती पंचधातूची, वजन सुमारे साडेसहाशे किलो असे सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतल्या अनेक आपल्या देवळांतून आजही वाजतात. मेरीची घंटा, महादेवाचे देऊळ. मामांच्या शब्दांत सांगायचे तर 'स्थावर जागच्या जागी, जंगम फिरते.'

वाड्यातले सर्वांत मोलाचे जंगम म्हणजे कागद. नानांचे खासगी दप्तर या वाड्यात राहिले होते. पत्रे, याद्या, हिशेब, सारे मोडीत. पुढे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती हे मेणवली दप्तर आले आणि अभ्यासकांना त्याची किंमत कळली. भिंतींनी वाडा राखला हे खरे, पण नाना राखले ते या कागदांनी. आजकाल पर्यटक येतात ते बहुतेक सिनेमासाठी. 'स्वदेस' हा २००४ चा चित्रपट इथे चित्रित झाला. अमेरिकेतला नोकरदार गावी येतो तेच ते कथानक. घाटावर दोन मुली हिरोईनसारख्या उभ्या राहून फोटो काढत होत्या. त्यांना नानांचे काही देणेघेणे नव्हते. दोन दिवसांपूर्वी मलाही नव्हते.

मग मामांनी मला जिऊबाईंची गोष्ट सांगितली. ती मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती.

नानांची लग्ने अनेक झाली, पण वंश राहिला नाही. ते वारले तेव्हा त्यांची धाकटी बायको जिऊबाई नऊदहा वर्षांची होती. आमच्या शेजारची चौथीतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या बाजीरावाचा नानांच्या संपत्तीवर डोळा होता. त्याने मालमत्ता जप्त केली. नानांशी इमान राखणाऱ्या धोंडोपंत निजसुरे यांनी लोहगड धरून ठेवला आणि जिऊबाई त्यांच्या आश्रयाला राहिल्या. १८०४ साली जनरल वेलस्लीने मध्ये पडून हा तिढा सोडवला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. गड बाजीरावाला परत, आणि जिऊबाईंना सुरक्षिततेची हमी व वर्षाला बारा हजार रुपये. त्या पनवेलला जाऊन राहिल्या. पेशवाई बुडाली, बाजीराव उत्तरेत बिठूरला गेला, इंग्रजांचे राज्य स्थिरावले. आणि जिऊबाई मेणवलीला येऊन राहिल्या. दत्तक घेतला. नानांचे नाव चालले ते त्या दत्तकामुळे, आणि आज वाडा उभा आहे तो त्या घराण्याकडे राहिला म्हणून. वाड्याचे नाव मात्र नाना फडणवीस वाडा.

दिवेलागण होत आली होती. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो होतो. नदीला मे महिन्याचे पाणी, तळ दिसत होता. मामांनी खिशातून माझा तक्ता काढला, मांडीवर सरळ केला.

"बेरीज बरोबर आहे का तुझी?"

"बरोबर आहे मामा. तीन वेळा तपासली."

"यात तुझी आई कुठाय?"

मला प्रथम प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कानशिले तापली. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या कमाईच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मजात हक्क मिळाला. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत, तेही चांगले. तीस लाखांचे पाच भाग, प्रत्येकी सहा लाख. पण तक्ता मांडताना माझ्या हाताने आपोआप तीनच नावे लिहिली. कुणी सांगितले नव्हते. ज्या बाईने मला फीसाठी बांगडी गहाण ठेवून शिकवले, ती माझ्या पहिल्या खऱ्या हिशेबात नव्हती. ज्या मावशीने आजीचे शेवटचे आठ महिने काढले, तीही नव्हती. चार इमलीतल्या आंब्यासारखी.

मी म्हणालो, "पण त्या सही करणारच आहेत ना? हक्कसोड पत्र..."

"करतील. अक्का कधी नाही म्हणायची नाही," मामा म्हणाले. "माझ्या लग्नात तिने तिच्या वाटणीचे दागिनेही असेच दिले. आम्ही घेतले. तेव्हा मीही मोजले नाही." थोडा वेळ ते गप्प राहिले. "ते सोडतील की ठेवतील, हे नंतर. आधी हिशेबात नाव तरी घाल. नसलेले नाव कुणी सोडत नाही."

मग त्यांनी मला माँटिसेलोच्या वहीची आठवण करून दिली. मला त्या वेळी ती जरा लागली. गुलामांची यादी आणि माझी आई यांची तुलना बरी वाटली नाही. आताही पूर्ण बरी वाटत नाही. आणि खरे सांगायचे तर पेशवाईला नावे ठेवायला आपल्याला व्हर्जिनियापर्यंत जायची गरज नाही. पेशवाईतही कुणबिणी विकल्या जात आणि वेठीला माणसे धरली जात. त्यांच्याही नोंदी दप्तरांतून आहेत, किंमतीसकट. दप्तर वाचणाऱ्याने फक्त तहनामे वाचायचे ठरवले, तर ती पाने उलटून जातात. मी या जुलैपासून रविवारचा मोडीचा वर्ग लावला आहे. अक्षरे अजून मुंग्यांसारखी दिसतात. मित्र चेष्टा करतात. करोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजोळच्या घराचे कुलूप उघडले. आजोबांची रोजकीर्द कोनाड्यात होती. मी पाने चाळली. दूध, रॉकेल, पोरांच्या वह्या. 'अक्काची फी' ही नोंद सातवीपर्यंत सापडते, पुढे सापडत नाही. थोरल्या मामांची फी मात्र पुढे पुण्यापर्यंत चालली आहे. मामांनीही ते पान पाहिले. वही मिटून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवली. धाकट्या मामांना ते त्या संध्याकाळी फोनवर काय बोलले ते मी ऐकले नाही, मुद्दाम परसात गेलो होतो. पण बोलणे लांबले, आणि शेवटी आवाज चढलेला होता.

मी बेळगावला परतलो तो नवा तक्ता घेऊन. पाच नावे, प्रत्येकी सहा लाख. आई भाकऱ्या थापत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने परातीत हात झटकले, पदराला पुसले, आणि कागद उजेडाकडे नेऊन सावकाश वाचला. किंमतीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. मामांनी सांगितलं."

"दादांनी?" ती थोडी थांबली. "माझं नाव चुकलंय."

मी पाहिले. मी आईचे सासरचे नाव लिहिले होते, जे रेशनकार्डावर आहे, माझ्या दाखल्यावर आहे. तिने माझ्या खिशाचे पेन घेतले आणि त्याच्यावर, शाळेतल्यासारख्या सुट्या अक्षरांत, आपले माहेरचे नाव लिहिले. वडिलांच्या नावासकट. पिठाचा अंगठा कागदावर उमटला. मग म्हणाली, "मावशीला फोन लाव बघू."

त्या दोघी तासभर बोलल्या. हक्कसोड पत्र अजून कपाटात आहे. त्यावर सही झालेली नाही.

मामा सध्या त्याच घरात राहतात. गिऱ्हाईकाला थांबायला सांगितले आहे. परसात त्यांनी आंब्याची दोन रोपे लावल्याचे कळवले आहे.